प्रोस्टेटचा प्रश्न: शिरूर-दौंडच्या अंगाने एक आढावा

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाच्या प्रोस्टेटबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि बोलताना ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात. ज्याला लघवीचा त्रास होतोय त्याचं काय करायचं, हा पहिला. ज्याला काहीच होत नाही त्याच्या रक्तात कॅन्सरचा माग काढायचा का, हा दुसरा. पहिल्याची उत्तरं वैद्यकाकडे बऱ्यापैकी तयार आहेत. दुसऱ्यावर गेली तीस-पस्तीस वर्षं जगभर वाद चालू आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत मात्र व्यवहार उलटा दिसतो. वादातली तपासणी ‘फुल बॉडी चेकअप’च्या फ्लेक्सवर सवलतीत मिळते. ज्या उपचाराबद्दल वाद नाही, तो लघवी तुंबून नळी टाकायची वेळ येईपर्यंत माणसापर्यंत पोचत नाही. हा आढावा घेताना दोन्ही प्रश्न वेगळे ठेवले आहेत, कारण बराचसा गोंधळ ते एकत्र केल्यानेच होतो.

ग्रंथी आणि तिची दुखणी

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून बसलेली ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते, वजन वीस ग्रॅमच्या आसपास. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. शवविच्छेदनाच्या अभ्यासांत पन्नाशीतल्या साधारण निम्म्या पुरुषांत आणि ऐंशी ओलांडलेल्यांपैकी दहात आठांमध्ये ही वाढ सापडते. वाढ सापडली म्हणजे त्रास होतोच असं नाही, आणि ही वाढ कॅन्सरची पहिली पायरीही नाही. साधी वाढ ग्रंथीच्या आतल्या, नलिकेलगतच्या भागात होते, म्हणून धार बारीक होते. कॅन्सर बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो, म्हणून तो सुरुवातीला लघवीला अडवत नाही. पुढचा सगळा वाद या एका शरीररचनेतून निघतो. ज्याला त्रास आहे त्याला बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, आणि ज्याला सुरुवातीचा कॅन्सर आहे त्याला बहुतेक वेळा त्रास नसतो.

तिसरं दुखणं म्हणजे ग्रंथीची सूज. ते तरुणांनाही होतं. त्याबद्दल पुढे.

लघवी अडण्याचं दुखणं जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार दिले आहेत. त्यातल्या वाताष्ठीलेची सांगड आजचे वैद्य प्रोस्टेटच्या वाढीशी घालतात. आधुनिक शस्त्रक्रियेच्या इतिहासातही हिंदुस्थान आडवाटेने येतो. १९०० पासून लंडनमध्ये पोटाच्या बाजूने मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ करणारे पीटर फ्रायर हे त्याआधी वीसेक वर्षं इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. इथल्या मुतखड्यांवर त्यांचा हात बसला होता. दुर्बिणीने, नलिकेतूनच ग्रंथी खरवडण्याची शस्त्रक्रिया १९२० आणि ३० च्या दशकांत अमेरिकेत आकाराला आली. टीयूआरपी या नावाने आज ती तालुक्याच्या गावातल्या लोकांच्याही तोंडी आहे.

भीमा-घोडच्या खोऱ्यात

शिरूर तालुका पुणे-नगर रस्त्यावर, घोड नदीकाठी. एका टोकाला रांजणगाव-शिकरापूरची कारखानदारी, दुसऱ्या टोकाला ऊस-कांद्याचा, ‘बेट’ म्हणून ओळखला जाणारा भाग. दौंड म्हणजे भीमेकाठचं रेल्वे जंक्शन, राज्य राखीव पोलिसांचे तळ, कुरकुंभची रासायनिक वसाहत, आणि पाटस-यवत-केडगावचा बागायती पट्टा. दौंड शहरात रेल्वेचे आणि पोलिसांचे निवृत्त लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या मागे उपचाराची काही तरी सोय असते. त्यांना युरोलॉजिस्ट हा शब्द माहीत असतो. दहा-पंधरा किलोमीटरवरच्या वाडीतल्या शेतकऱ्याचं तसं नाही. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय. पण ग्रामीण रुग्णालयाच्या मंजूर पदांत युरोलॉजिस्ट नसतो. त्यासाठी पुणं, नगर किंवा बारामती गाठायची. शिरूर आणि दौंड, दोन्हीकडून पुणं सत्तरेक किलोमीटर.

या भागाचं वेगळेपण असं की इथल्या म्हाताऱ्या माणसांची नोंद आहे. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम डॉ. बानू कोयाजींच्या काळापासून, म्हणजे सत्तरच्या दशकापासून चालू आहे. २००२ पासून तिथे शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर सतत नोंदलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने वार्धक्यावर आशिया-आफ्रिकेतल्या आठ केंद्रांत पन्नाशीपुढच्यांची पाहणी केली, त्यात वढू होतं. एकूण चित्र असं निघालं की बायका आपली तब्येत पुरुषांपेक्षा वाईट सांगतात. त्यात पुरुषांची तब्येत खरंच किती बरी आणि त्यांचं न सांगणं किती, हे अशा पाहणीतून वेगळं काढता येत नाही. मला दुसऱ्या गोष्टीचा वाटा बराच मोठा वाटतो.

न सांगण्याला इथे जागाही भरपूर आहे. रात्रीतून तीनदा-चारदा उठावं लागणं हे प्रोस्टेटच्या वाढीचं नेहमीचं लक्षण. पण शेतीची वीज आठवडाभर रात्रपाळीची असेल, तर माणूस तसाही मोटर चालू करायला, दारं मोडायला उठलेलाच असतो. आता दिवसा वीज देणारे सौर फीडर येऊ लागलेत, तरी सवय जुनी आहे. रात्री उठणं त्याला आजार वाटत नाही. लघवीला आग झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणून सब्जा, जिऱ्याचं पाणी, ताक. धार अडली की ‘खडा असेल’. साखरेचा आजार असेल तर ‘शुगरमुळे जावं लागतं’. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरंही असतं. त्यामुळे प्रोस्टेटची पाळी शेवटी येते.

शिरूरच्या बेट भागात या रात्रीच्या उठण्याला आणखी एक बाजू आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली. ऊस घराला लागून. रानातल्या वस्तीवर संडास बांधलेला असला तरी लघवीला अंगणाच्या कडेलाच जायची रीत. अशा घरात रात्री चारदा बाहेर पडणाऱ्या सत्तरीच्या माणसाला डॉक्टरने नुसतं ‘वयोमानाने होतं’ म्हणून परत पाठवणं मला बरोबर वाटत नाही. अंधारात पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका तर बिबट्या नसलेल्या गावातही असतोच.

वाढीचे उपचार: जिथे बरंचसं ठरलेलं आहे

लघवीचा त्रास किती, हे मोजायला जगभर सात प्रश्नांची एक यादी वापरतात. १९९२ मध्ये अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या समितीने ती तयार केली. गेल्या महिन्याभरात लघवी करून आल्यावर मूत्राशय पूर्ण रिकामं झालं नाही असं वाटतं का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का? धार मध्येच तुटून पुन्हा सुरू होते का? लागली की दम धरवत नाही असं होतं का? धार बारीक झाली आहे का? सुरू करायला जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठता? प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढे तीव्र. यादीसोबत आणखी एक प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य असंच काढायचं झालं तर तुम्हाला कसं वाटेल? उपचार करायचा की नाही हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं. या यादीला ना यंत्र लागतं ना सुई.

आपल्याकडे सुरुवात मात्र सोनोग्राफीने होते. ‘प्रोस्टेटोमेगाली, ग्रेड टू’ असं छापलेला कागद घेऊन माणूस घरी येतो आणि घाबरतो. ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचं नातं सैल आहे. ३० ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी तुंबू शकते, ८० ग्रॅमची असलेला माणूस निवांत झोपू शकतो. त्या कागदावर बघण्यासारखी गोष्ट दुसरी असते: लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली, आणि किडनीवर सूज आहे का.

सौम्य त्रासात गोळी लागत नाही. संध्याकाळनंतरचा चहा आणि पाणी कमी करणं, झोपण्याआधी जाऊन येणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं एवढ्यावर भागतं. सर्दीच्या गोळ्यांपासून जपावं लागतं. नाक मोकळं करणारी आणि गुंगी आणणारी औषधं एकत्र असलेली साधी गोळी कुंठलेली लघवी पार बंद करू शकते. दारूची एक रात्र किंवा एसटीच्या लांबच्या प्रवासात दाबून धरणंही तेच करतं. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून यवत, वरवंड अशी मुक्काम करत जाते. त्या वारीत म्हातारी मंडळी लघवीला जागा नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. आषाढाच्या उकाड्यात ते वेगळंच संकट ओढवून घेणं होतं.

मध्यम त्रासाला दोन जातींची औषधं आहेत. टॅमसुलोसिनसारखी औषधं स्नायू सैल करतात, गुण काही दिवसांत दिसतो. मात्र उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री झोपताना घेतात आणि रात्री उठताना आधी काठावर बसायला सांगतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी चालू असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरला सांगावंच लागतं. ती बुबुळाचा पडदा ढिला करते, हे २००५ पासून माहीत झालं आहे. गावोगावच्या मोतीबिंदू शिबिरांत हा प्रश्न विचारला जायला हवा. दुसरी जात फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइडची. ती मोठी ग्रंथी आकसवतात, पण सहा महिने धीर धरावा लागतो. दोन्ही मिळून दिल्यास आजार वाढणं अधिक थांबतं, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दिसलं.

गोखरू, पुनर्नवा, वरुण यांचे काढे आणि चंद्रप्रभा वटी या भागात सर्रास घेतात. काहींना बरं वाटतं. त्यांचे अभ्यास लहान आहेत, त्यामुळे ना ठाम होकार देता येतो ना नकार. परदेशात याच जागी असलेल्या सॉ पाल्मेटो या वनस्पतीची मोठ्या चाचण्यांत परीक्षा झाली. २००६ आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दोन्ही चाचण्यांत ती बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. काढ्याची हरकत एवढीच की त्यात महिने जातात, आणि उरलेली लघवी मूत्राशयात तशीच साठत राहते.

लघवी वारंवार तुंबणं, मूत्राशयात खडे, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग किंवा किडनीवर ताण असेल तर शस्त्रक्रिया. टीयूआरपी अजूनही मापदंड आहे. मोठ्या ग्रंथीसाठी लेसरने गाभा सोलून काढण्याची पद्धत पुण्यात मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत टीयूआरपी आहे, आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही आता योजना खुली आहे. तरीही महिनोन्महिने नळी आणि पिशवी घेऊन बसलेली माणसं असतात. पैशापेक्षा भीती आडवी येते: ‘ऑपरेशन केलं की पुरुषपण जातं.’ ही भीती निम्मी खरी आहे, आणि कोणती निम्मी ते डॉक्टरांनी सांगावं. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. ताठरता मात्र बहुतेकांची टिकते. हे आधी सांगितलं नाही, तर शस्त्रक्रिया झालेला एक नाराज माणूस गावातल्या दहा जणांना मागे वळवतो.

सूज: सगळ्यात कमी समजलेली

थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणं, लघवीला आग, असं एकदम झालं तर ती तातडीची गोष्ट असते, लगेच प्रतिजैविकं लागतात. पण सुजेच्या नावाखाली येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांत जंतू सापडतच नाहीत. महिनोन्महिने ओटीपोटात, जांघेत, वृषणात ठसठस, आणि सगळे रिपोर्ट चांगले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नव्वदच्या दशकात केलेल्या चार प्रकारांच्या वर्गवारीत हा गट वेगळा काढला, पण त्याचं कारण अजून हाती आलेलं नाही. उपचार म्हणून प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स दिले जातात, ते बहुधा वाया जातात. तालुक्याच्या भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींचं गिऱ्हाईक मोठ्या प्रमाणात हेच तरुण आहेत, असा माझा अंदाज आहे.

कॅन्सर: आकडे काय सांगतात

२०२२ साली जगात प्रोस्टेट कॅन्सरचे साडेचौदा लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले, भारतात अंदाजे अडतीस हजार. वयाचा फरक काढून टाकला तर जगाची सरासरी लाख पुरुषांमागे एकोणतीसच्या आसपास, भारताची सहाच्या आसपास. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ मधला अंदाज आहे की जगातले वार्षिक नवे रुग्ण २०४० पर्यंत दुप्पट, एकोणतीस लाखांवर जातील, आणि ही वाढ मुख्यतः मध्यम व कमी उत्पन्नाच्या देशांत असेल. कारण सरळ आहे: माणसं जास्त जगू लागली.

भारतातला दर खरंच कमी, की आपल्याला तो सापडत नाही? महाराष्ट्रात याचं उत्तर शोधायला चांगली साधनं आहेत. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची, पुण्याचीही सत्तरच्या दशकापासूनची. आणि दौंडच्या पुढे सोलापूरच्या वाटेवर, बार्शीला, १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते स्वतः फिरत, लोकांना कॅन्सरची लक्षणं समजावत, शंका वाटेल त्याला रुग्णालयात पाठवत. इतकं करूनही बार्शीतला प्रोस्टेट कॅन्सरचा दर मुंबई-पुण्यापेक्षा खूपच कमी निघाला. एक गट म्हणतो, खेड्यात पीएसए ही रक्ततपासणी होत नाही आणि सत्तरीच्या माणसाची बायोप्सी कोणी करत नाही, म्हणून आकडा लहान. दुसरा गट इंग्लंडमधल्या आकड्यांकडे बोट दाखवतो. तिथे तपासण्या सगळ्यांना सारख्याच उपलब्ध, तरी आयुष्यभरात हा कॅन्सर आढळण्याची शक्यता गोऱ्या पुरुषांत आठात एक, कृष्णवर्णीयांत चारात एक, आणि आशियाई वंशाच्या पुरुषांत तेरात एक. म्हणजे फरक काही अंशी खरा आहे. दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर आहेत. वाटा कोणाचा किती, हे ठरलेलं नाही.

ज्यावर मतभेद नाहीत असा एक आकडा मात्र अस्वस्थ करणारा आहे. देशातल्या रुग्णालयांच्या नोंदींत प्रोस्टेट कॅन्सरच्या दहापैकी चारांहून अधिक रुग्णांत निदानाच्या वेळीच आजार दूरवर पसरलेला असतो. बहुधा हाडांत. गावाकडे तो आधी कंबरदुखी म्हणून भेटतो. मणक्याचा एक्स-रे, पट्टा, मालिश, वेदनाशामकं, मग कधी तरी पाय लुळे पडणं. सत्तरीच्या पुरुषाची नवी, रात्री झोपू न देणारी कंबरदुखी आणि लघवीचा त्रास एकत्र असतील, तर पीएसए करायलाच हवी, यावर कोणाचंही दुमत नाही. इथे ती निदानाची तपासणी असते. निरोगी माणसांच्या सरसकट तपासणीच्या वादाशी तिचा संबंध नाही.

पसरलेल्या आजारावर उपचार आहेत. पुरुषी संप्रेरक बंद केलं की हा कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. १९६६ साली त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शन दर एक किंवा तीन महिन्यांनी, खर्च चालूच. म्हणून आपल्याकडे दोन्ही अंडग्रंथी काढण्याची छोटी शस्त्रक्रिया अजून टिकून आहे. एकदाच खर्च, परिणाम तोच. अबिराटेरॉन हे औषध सुरुवातीपासून जोडलं तर आयुष्य वाढतं, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. भारतीय कंपन्यांच्या आवृत्त्यांमुळे ते आता पूर्वीच्या तुलनेत खूप स्वस्त झालं आहे. न पसरलेल्या पण जोखमीच्या आजारात किरणोपचार ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही द्यावेत का, या जुन्या वादात मुंबईच्या टाटा मेमोरियलची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने होकाराच्या बाजूने वजन टाकलं. इथला पुरावा बाहेर वापरला जाण्याचं हे एक चांगलं उदाहरण.

शेतीतल्या फवारणीचा संबंध लोक हमखास विचारतात. आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या परवानाधारक फवारणी करणाऱ्यांवरच्या मोठ्या अभ्यासात प्रोस्टेट कॅन्सर इतरांपेक्षा किंचित जास्त आढळला, आणि मॅलॅथिऑनसह काही कीटकनाशकांचा आक्रमक प्रकाराशी संबंध दिसला. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झालेला नाही.

पीएसएचा वाद

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन, थोडं रक्तात उतरतं. १९७९ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं केलं गेलं. १९८६ मध्ये अमेरिकेत उपचारावर लक्ष ठेवण्यासाठी आणि १९९४ मध्ये निदानाला मदत म्हणून त्याच्या तपासणीला मान्यता मिळाली. मग निरोगी पुरुषांत ती सरसकट होऊ लागली. १९७० साली या प्रथिनावर पहिलं काम केलेल्यांपैकी एक, रिचर्ड अॅब्लिन, यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या सरसकटपणावर कडाडून टीका केली.

अडचण अशी की पीएसए कॅन्सरची खूण नसून प्रोस्टेटची खूण आहे. साधी वाढ, संसर्ग, तुंबलेली लघवी, नुकतीच टाकलेली नळी, कशानेही ती चढते. उलट चार या नेहमीच्या मर्यादेच्या खाली आकडा असलेल्या पुरुषांच्या बायोप्सी केल्या, तेव्हा साधारण पंधरा टक्क्यांत कॅन्सर निघाला. ही २००४ सालची गोष्ट. फिनास्टेराइड घेणाऱ्यांत आकडा निम्म्यावर येतो. लॅबला हे कोणी सांगत नाही, आणि कागदावर ‘नॉर्मल’ छापलं जातं.

मोठ्या चाचण्यांनी काय दाखवलं? युरोपातल्या चाचणीत २३ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२५ मध्ये, तपासणीच्या गटात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी दिसले. साध्या भाषेत, ४५६ पुरुषांना बोलावलं तर एक मृत्यू टळला, आणि त्या एकासाठी बाराजणांवर जादा निदानाचा शिक्का बसला. अमेरिकेतल्या चाचणीत फरक दिसला नाही, पण तिथे ‘न तपासलेल्या’ गटातल्या कित्येकांनी बाहेरून तपासणी करून घेतली होती. इंग्लंड-वेल्समध्ये चार लाखांवर पुरुषांच्या चाचणीत एकदाच पीएसएला बोलावलं. पंधरा वर्षांनी फायदा दिसला, हजारी एकाच्या आसपास. निदान झालेल्या १,६४३ पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसतं लक्ष ठेवणं यांत चिठ्ठ्या टाकून वाटणाऱ्या ब्रिटिश अभ्यासात पंधरा वर्षांनी तिन्ही गटांत सुमारे ९७ टक्के पुरुष या कॅन्सरने मेले नव्हते. शस्त्रक्रियेच्या गटात लघवी गळणं आणि नपुंसकता मात्र जास्त होती.

गेल्या दहा वर्षांत बायोप्सीआधी एमआरआय करण्याची पद्धत रुजली. २०१७ आणि २०१८ च्या चाचण्यांनी दाखवलं की त्याने अनावश्यक बायोप्सी टळतात आणि निरुपद्रवी कॅन्सर कमी सापडतात. वादाचा तोल त्यामुळे थोडा हलला आहे.

आज कोण कुठे उभं आहे

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१२ मध्ये तपासणी नकोच म्हटलं. २०१८ मध्ये ते बदलून ५५ ते ६९ वयोगटात माणसाने डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावं, सत्तरीपुढे नको, अशी भूमिका घेतली. युरोपियन युनियनच्या परिषदेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये पीएसए आणि एमआरआय जोडून संघटित तपासणीचे टप्प्याटप्प्याने प्रयोग करायला सांगितलं. ब्रिटनच्या समितीचा २०२५ च्या नोव्हेंबरमधला मसुदा सावध आहे: बीआरसीए जनुकदोष असलेल्या पुरुषांपुरतीच तपासणी. एकाच पुराव्यावरून तीन वेगळी धोरणं निघतात, कारण फायदा आणि नुकसान यांना प्रत्येक समाज वेगळं वजन देतो.

भारत सरकारच्या कार्यक्रमात तिशीपुढच्यांसाठी तीन कॅन्सरची तपासणी आहे: तोंड, स्तन, गर्भाशयमुख. प्रोस्टेट नाही. सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने हे पटण्याजोगं आहे. तंबाखू-चुना खाणाऱ्या तालुक्यात तोंडाच्या कॅन्सरचा भार मोठा, त्याची तपासणी डोळ्यांनी होते. युरोलॉजिस्टांपैकी पुष्कळांचं म्हणणं असं की धोरण काहीही असो, पन्नाशीनंतर विचारणाऱ्याला, आणि वडील किंवा भावाला हा आजार झालेल्याला पंचेचाळिशीपासून, ही तपासणी नाकारू नये. चारची रेषा भारताला लागू होते का, यावरही मत वेगळं आहे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१४ साली आपल्या रुग्णांच्या आधारे, लक्षणं असलेल्या पुरुषांत बायोप्सीची रेषा ५.४ पर्यंत वर न्यावी असं सुचवलं. कारण आपल्याकडे संसर्ग आणि तुंबलेल्या लघवीमुळे चढलेले आकडे फार.

शिबिरातल्या पीएसएच्या बाजूनेही एक प्रामाणिक युक्तिवाद आहे: दहातले चार जण पसरलेल्या अवस्थेत येतात, मग काही तरी करायला नको? विरोधातलं म्हणणं असं की उशिरा येणाऱ्याला वेळेवर आणायचं तर लक्षणं असलेल्याला तपासा, निरोगी माणसाच्या रक्ताला हात घालू नका. बार्शीत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबाबत हे घडलंही. नुसत्या जाणीवजागृतीने बायका लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या, असं नव्वदच्या दशकातल्या तिथल्या अभ्यासात दिसलं. पण प्रोस्टेटचा सुरुवातीचा कॅन्सर मुका असतो, रक्तस्रावासारखी खूण देत नाही. त्यामुळे बार्शीचा धडा इथे अर्धाच लागू पडेल. माझा कल विरोधाकडे आहे, तो एका व्यावहारिक कारणाने. शिबिरात ७.२ आकडा आलेल्या माणसाला पुढचा एमआरआय, बायोप्सी आणि ‘लक्ष ठेवू’ म्हणणारा डॉक्टर शिरूरमध्ये कुठे मिळणार, हे त्या फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं.

न सुटलेलं

लक्ष ठेवण्याचं धोरण पाश्चात्त्य देशांत दर सहा महिन्यांनी येणाऱ्या रुग्णावर उभं आहे. ऊसतोडीच्या हंगामात गावाबाहेर असणारा, किंवा दौंडहून पुण्याला जायचं म्हणजे दिवस मोडणारा माणूस ते किती पाळेल, हे कोणी मोजलेलं नाही. मधुमेहाने ढिलं पडलेलं मूत्राशय आणि प्रोस्टेटचा अडथळा यांतला फरक धारेचा वेग मोजणाऱ्या यंत्राशिवाय सांगणं अवघड. ते यंत्र तालुक्यात असावं का, हा पैशाचा प्रश्न आहे, पण तो विचारलाही गेलेला नाही. वढूसारख्या ठिकाणी, जिथे घरटी नोंद आहे, तिथे सात प्रश्नांची यादी फिरवली तर या भागातल्या त्रासाचा खरा पसारा कळू शकेल.

आणि विचारणार कोण? आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात त्यात खोकला, तोंडातला व्रण, चट्टे, डोळे, कान यांचे प्रश्न आहेत. बायकांसाठी स्तन आणि अंगावरून जाण्याचे वेगळे प्रश्न आहेत. साठीपुढच्यांना तोल जातो का, विसरायला होतं का हेही विचारतात. पुरुषाच्या लघवीबद्दल एकही प्रश्न नाही. तो घालणं सोपं आहे. पण गावात आशाताई म्हणजे बहुधा कोणाची तरी सून असते. सासऱ्याच्या वयाचा माणूस तिला रात्री किती वेळा उठतो हे सांगेल का, की त्यासाठी उपकेंद्रातला आरोग्यसेवक पाठवावा लागेल, यावर आशाताईंचंही मत घ्यावं लागेल. त्यानंतर ‘हो’ म्हणणाऱ्याला शिरूर किंवा दौंडच्या रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी युरोलॉजिस्ट भेटला पाहिजे.